कुवारीचं पाणी

जरा मागे सरून उभे राहा. तिथली माती वरून वाळलेली दिसते, आत ओलीच असते. पाय गेला तर मला दोष देतील, आणि माझ्या नावावर आधीच पुष्कळ दोष आहेत.

हो, मीच बोलतेय. बोडी. आंबागडच्या किल्ल्याखालचा उतार संपतो आणि धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, सुरू होतात, तिथे मधे जे पाणी दिसतं ती मी. तलावाहून लहान, डबक्याहून मोठी. तलाव गावाचा असतो, बोडी घरची असते. मी गिरजाबाईच्या घरची. लोक मला कुवारी म्हणतात. माझ्या काठावर कोणी म्हणत नाही, घरी जाऊन दार लावून म्हणतात. पण पाणी सगळ्यांच्या घरात असतं, माठात, बादलीत, भिजत घातलेल्या डाळीत. मला ऐकू येतं.

मला गिरजाबाईच्या आजेसासऱ्याने खोदवलं. दोन उन्हाळे गेले. पुरुष कुदळ मारायचे, बाया टोपल्यांनी माती उचलून पारीवर टाकायच्या. पार म्हणजे माझा बांध, माझी कंबर म्हणा. पारीच्या बुडाशी पाणी सोडायची नळी बसवली आणि तिला आतून लाकडाचं बुच ठोकलं. बेत असा, की धानाला पाणी द्यायचं असलं की कोणी तरी माझ्यात उतरायचं, बुच उपसायचं, काम झालं की पुन्हा ठोकायचं. एवढीच माझी कळ. ती बाहेरून फिरवता येत नाही, पाण्यात उतरावंच लागतं.

आमच्याकडे पाण्याचंही लग्न लावतात. नवी बोडी काठोकाठ भरली की जंगलातून येनाच्या झाडाचा सरळ खांब आणायचा, त्याला हळद लावायची आणि वाजतगाजत पाण्याच्या मधोमध रोवायचा. तो नवरा. लग्न झालं की ते पाणी प्यावं, देवाला घालावं, धानाला द्यावं. लग्नाआधीचं पाणी कुवारं. कुवारं पाणी आपला नवरा आपणच शोधून घेतं, असं म्हणतात.

माझीही तिथी ठरली होती. खांब आणून गोठ्यात ठेवला, हळद लागली. त्या दिवशी सकाळी आजेसासरा हळदीच्या हातांनीच पारीवर आला आणि मला पाहता पाहता खाली बसला. पुन्हा उठला नाही. हिवाळ्यात कधी नाही तो पाऊस आदल्या दोन दिवसांत पडून गेला होता, गावात सुकं लाकूड उरलं नव्हतं. गोठ्यातला तो खांब तेवढा कोरडा. तोच चितेवर गेला. धूर माझ्या अंगावरून गेला. पिवळा होता. तुम्ही खरं माना की नका मानू, धूर पिवळा होता.

त्यानंतर लग्नाचा विषय कोणी काढला नाही. मला कोणी विचारलंही नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, मला नवरा नको होता. मला दर उन्हाळ्यात गाळ काढणारे हात हवे होते.

तेच मिळाले नाहीत. 'कुवारीच्या पोटात फावडं घालू नये' असं कोणी तरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. आजूबाजूच्या बोड्या उन्हाळ्यात उघड्या पडून स्वच्छ व्हायच्या, माझ्यात दर पावसाळ्याचा गाळ मागच्या गाळावर निजायचा. धीवरांनी जाळं टाकलं नाही, शिंगाडा लावला नाही. माझ्यातले मागूर मासे म्हातारे झाले, त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. माणसांची भीती मात्र मोठी विचित्र असते. पाणी भरायला कोणी येत नसे, पण फुटक्या मूर्ती, मेलेल्याची गोधडी, दृष्ट काढलेली लिंबं टाकायला सगळे येत. टाकायचं आणि मागे न बघता चालायचं. अरे, माझी भीती वाटते ना? मग तुमची भीती माझ्याच पोटात का ठेवून जाता?

एक गोष्ट सांगते, ती कुठल्या पुस्तकात नसेल. पाणी वाहतं असलं की त्याच्या मनात काही राहत नाही. गाळ साचला की पाणी विचार करायला लागतं.

श्यामराव गिरजाबाईचा नवरा. तरणाबांड, हसरा, असल्या गोष्टींना न मानणारा. बत्तीस वर्षांपूर्वी भादव्यात पावसाने ओढ दिली तेव्हा तो भर दुपारी सदरा काढून पारीवर ठेवून उतरला. गिरजाबाई शिदोरी घेऊन नुकतीच आली होती, कडेवर वर्षाचा लिलाधर. श्यामराव पाण्यातून हात वर करून म्हणाला, "आलोच, गिरजे." आणि बुचाकडे खाली गेला. तिथे मांडीभर गाळ होता. एक पाय रुतला, तो काढायला दुसरा रोवला.

गिरजाबाईला पोहता येत नव्हतं. कडेवर लेकरू. ती पारीवर उभी राहून ओरडत राहिली, माणसं धावत येईतो माझ्यावरचे बुडबुडे थांबले होते. देह त्यांनी काढला, जाळला. पण शेवटचा शब्द माणूस बोलतो तो देहाबरोबर जात नाही. तो माझ्याकडे राहिला. शांत दुपारी बुचाजवळून एक बुडबुडा वर यायचा आणि फुटताना म्हणायचा, आलोच. मी त्याला नेलं नव्हतं. पण परतही पाठवलं नव्हतं, हे कबूल करते.

गिरजाबाई बत्तीस वर्षं पारीवर चढली नाही. खालच्या बांध्यांत राबायची, पण पाठ माझ्याकडे. रोवणी करतानाही उलट्या बाजूने सुरू करायची.

आणि मग पाऊसच बदलला. पूर्वी मृगात लागलेला पाऊस पोळ्यापर्यंत रोज थोडाथोडा हात फिरवून जायचा. बोडी असली काय, नसली काय, धान निभून जायचं. आता वीस-वीस दिवस आभाळ कोरडं, आणि मग एका दुपारी महिन्याचा पाऊस अंगावर ओततं. एक वर्ष गिरजाबाईचं धान उभ्याने वाळलं. पुढच्या वर्षी कापून ठेवलेल्या कडपा पाण्यात तरंगल्या, त्यांना हिरवे कोंब फुटले. लिलाधर म्हणाला, "माय, एक साल अजून पायतो. याही साली गेलं त बांध्या ठेक्यानं देऊन चिखल्याच्या मॅंगनीज खाणीवर ट्रक चालवाले जातो." गिरजाबाईच्या हातून नवरा गेला होता, आता पोरगा शेतातून जायला निघाला होता.

त्या उन्हाळ्यात प्रविण आला. कृषी सहायक, तुमसरला राहतो, मोटारसायकलवर धूळ खात येतो. त्याने बांध्या पाहिल्या, बांध्यांमधले मातीचे धुरे पाहिले, मग पारीवर येऊन माझ्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिला.

"लिलाधरभाऊ, घरी बोडी असून तुम्ही आभाळाकडे काहून पाहता? हिचा गाळ काढा. गाळ बांध्यांत टाका, जमीन सुधरन. धुरे उंच करा, त्याच्यावर तूर लावा. धान लवकर येणारं घ्या. मधात पाऊस गेला त दोन पाण्याची सोय हिच्यात आहे."

लिलाधर आईकडे पाहू लागला. ती धुऱ्यावर बसली होती, पाठ माझ्याकडे. तशीच म्हणाली, "खोदा. खोल खोदा."

यंत्र आलं. दोन दिवसांत माझं अर्धं पोट मोकळं झालं. सत्तर-ऐंशी वर्षांनी पहिल्यांदा माझ्या तळाला ऊन लागलं. कसं वाटलं म्हणून सांगू! फुटके देव, बांगड्या, गोधडीच्या चिंध्या, सगळं ट्रॉलीत भरून बांध्यांत पसरलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बांध्यांचा मालक तेजराम पारीवर आला. गावात त्याच्या शब्दाला मान. त्याने यंत्राच्या चालकाला बिडी दिली, बाजूला नेलं आणि मी कोण ते सांगितलं. चालकाने बिडी अर्धी ओढून टाकली, यंत्र वळवलं आणि गेला. नळीच्या बाजूचा माझा अर्धा भाग तसाच राहिला. गाळ होता तिथेच, मांडीभर.

आषाढ सरता सरता एका दुपारी आभाळ फुटलं आणि मी भरले. काठोकाठ. त्यानंतर एक थेंब नाही. दहा दिवस गेले, वीस गेले. बांध्यांना भेगा पडल्या, भेगांत बोट जाईल, मग मूठ जाईल. धान पोटरीवर आलेलं, लोंबी पोटात धरून उभं, आणि पानं गुंडाळून घेऊ लागलं. दहा हातांवर मी भरलेली. लिलाधरने इंजिन आणून लावलं. दोनदा गाळ ओढून ते घुसमटून बंद पडलं.

"पाहा," लोक म्हणाले, "देऊन नाही राहिली."

माझ्या घशात तुमचाच गाळ, आणि म्हणे मी देत नाही!

शेवटी बुच काढण्यावाचून इलाज उरला नाही. सगळे पारीवर जमले. लिलाधर, प्रविण, तेजराम, आणि मंगरू धीवर. मंगरू आपली बांबूची ताटी आणि दोर घेऊन आला होता. गाळावर ताटी टाकून उभं राहिलं तर पाय रुतत नाही, हे धीवरांनाच ठाऊक. पण त्याने पाण्याला बोट लावलं नाही.

"मी दोर धरतो," तो म्हणाला. "उतराचं नाव नोको काढू लिलाधर. माह्या घरी दोन लेकरं हायेत."

"उतराचंच कायले?" तेजराम म्हणाला. "हिचं लगन लावा पयले. खांब मी देतो माह्या धुऱ्यावरचा."

"मंग आजच लावू, काका," लिलाधर म्हणाला.

"आज? चातुर्मास लागला, बावा. मुहूर्त कुठचा आता? तुळशीच्या लग्नापावतर थांबा लागते."

"तवरीक धान थांबते का? आठ दिवसात पाणी नाही भेटलं त दाणा जाऊन तणस होते त्याची."

"मंग उन्हाळ्यात लावाचं होतं."

"उन्हाळ्यात बोडी कोरडी. कोरड्या बोडीचं लगन लागत नाही म्हणून तुमीच बोलले होते!"

प्रविण म्हणाला, "काका, हे पाणी याच दिवसासाठी साठवलं ना? समोर धान मरून राहिलं."

"साहेब, तुमी संध्याकाळी गाडीवर बसून तुमसरले जाता," तेजराम म्हणाला. तो दुष्ट नव्हता, खरंच भ्यालेला होता. "हिच्यासंग राहाचं आमाले हाये."

लिलाधरने सदरा काढला. तेवढ्यात पारीवर पावलं वाजली. मी ती ओळखली. बत्तीस वर्षं ती खालूनच ऐकत आले होते.

गिरजाबाई. पदर खोचलेला, केस पांढरे, तोंड उन्हाने तापलेलं. तिने पोराच्या हातातला सदरा घेतला आणि त्याच्या छातीवर आपटला.

"तुह्या बापानंही असाच काढून ठेवला होता. घाल तो."

"माय, तू घरी जाय."

"चूप." ती तेजरामकडे वळली. "भाऊजी, हिले पुरुषच पायजे, असंच म्हणता ना तुमी?"

"म्हाताऱ्या माणसाइनं सांगितलं हाये, वहिनी."

"मंग मी पुरुष हाओ का?"

मंगरूला खोकला आला, तो हसू दाबत होता की रडू, मला कळलं नाही.

"मी बाई. हिच्या काय कामाची? सरका. मंगरू, ताटी टाक. दोर बांध कमरेले, सैल नोको बांधजो."

ती उतरली. आधी घोटा, मग गुडघा. माझं पाणी वरून कोमट, आत थंड. छातीपर्यंत आल्यावर ती थांबली आणि खाली माझ्याकडे पाहून हळू बोलली. पारीवरच्यांना ऐकू गेलं नाही.

"मी तुह्याशी भांडाले नाही आली. पाणी न्याले आली. द्याचं असन त दे."

आणि श्वास धरून ती खाली गेली.

इथे मी खोटं बोलणार नाही. ती आत आली, तिचे केस सुटून माझ्यात पसरले आणि मला वाटलं, राहू दे हिला. गाळाकडच्या अर्ध्या भागातून तो विचार आला आणि हळूहळू सगळ्या पाण्यात पसरला. इतकी वर्षं कोणी उतरलं नव्हतं. माणसाचं अंग किती गरम असतं, विसरले होते. ताटी एका बाजूने कलली. तिचा एक पाय घसरून गाळात गेला. गाळाने तो धरला. म्हणजे मीच धरला.

तेव्हा बुचाजवळून बुडबुडा सुटला. तिच्या कानाला घासून वर गेला. आलोच, गिरजे.

तिने पाण्यात डोळे उघडले. मला वाटलं, आता ही हात पुढे करेल, शोधेल, आणि मग सगळं सोपं होईल. तिने शोधलं नाही. तोंडातून थोडा वारा सोडला, तेही बुडबुडेच झाले, पण पाण्याला बुडबुड्यांतलं कळतं.

"आता नोको येऊ," ती म्हणाली. "येऊन गेले तुमी. मी बुच काढून राहिली."

दोन्ही हातांनी तिने बुच धरलं. ऐंशी वर्षांचं लाकूड, फुगून नळीत बसलेलं. हललं नाही. तिने दुसरा पाय ताटीवर रोवला, पुन्हा ओढलं. वर दोर ताणला गेला. मंगरू ओरडत होता, "ओढू का? भाभी, ओढू का?" तिसऱ्यांदा तिने ओढलं आणि बुच निघालं.

मी ते ढकललं नाही. तिने एकटीनेही ओढलं नाही. खालून, गाळातून, आणखी कोणाचं तरी बळ लागलं. यापुढचं मला विचारू नका.

नळीतून पाणी सुटलं, त्याच्याबरोबर जवळचा गाळही. तिचा पाय मोकळा झाला. मंगरू, लिलाधर आणि प्रविणने तिला दोराने वर घेतलं. पारीवर पालथी पडून ती खोकली, ओकली, मग उठून बसली. लिलाधर तिचे पाय धरून रडत होता. ती त्याला म्हणाली, "रडत काय बसला? फावडं घे. पाणी खालच्या बांधीत जाऊ दे, तेथी जास्त भेगा हायेत."

मी वाहत होते. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा. भेगांत शिरताना माती सुस्कारे टाकत होती, बांधीभर ते ऐकू येत होते. आणि त्या पाण्याबरोबर तो शब्द माझ्यातून निघून गेला. नळीतून, पाटातून, त्याच्याच शेतात. दुसऱ्या दिवसापासून बुडबुडा आला नाही. धानाच्या पानांवरून वारा जातो तेव्हा गिरजाबाई कधीकधी विळा थांबवून उभी राहते. काय ऐकते, ते तिलाच ठाऊक. आता तिची पाठ माझ्याकडे नसते.

तिसऱ्या दिवशी तेजराम आला. पारीवर चढला नाही, खालीच उभा. त्याचंही धान गुंडाळत होतं.

"वहिनी, जरासं पाणी माह्या बांधीत..."

"काहून? मुहूर्त निंगाला का?"

तो खाली पाहत राहिला. तिने त्याला पुरतं शरमू दिलं, मग स्वतः जाऊन मधला धुरा फोडून दिला.

पुढे हस्तात पुन्हा आभाळ फुटलं. गिरजाबाईने आधीच बुच ठोकून घेतलं होतं. मी रिकामी होते, म्हणून वरच्या उताराचं सगळं पाणी मी पोटात घेतलं. खालचं पिकलेलं धान उभं राहिलं. लिलाधर खाणीवर गेला नाही. धुऱ्यांवर तूर पिवळी फुलली आहे, ती मला इथून दिसते.

आता तुळशीचं लग्न होऊन गेलं. गावाला माझी आठवण आली आहे. तेजरामने खांब तोडून आणला, तासला, बॅंडवाल्यांशी बोलून ठेवलं. परवा सगळे हळद घेऊन गिरजाबाईच्या अंगणात बसले होते. तिने चहा दिला आणि म्हणाली, "पयले हिचा बाकीचा गाळ काढा. घरटी एक माणूस, एक टोपली. मंग लगनाचं पाहू."

सगळे उठून गेले. उन्हाळ्यात येतो म्हणाले.

येतील का, माहीत नाही. तुम्ही माझं ऐकलंत, तर तुम्हालाच सांगून ठेवते. हळद आणू नका, खांब आणू नका, बॅंड तर मुळीच नको. नळीच्या बाजूला अजून गाळ आहे, आणि येत्या पावसाळ्यात तो वाढेल, कारण आताचा पाऊस उतार खरवडून आणतो. पुढच्या भादव्यात पाऊस पुन्हा जाईल आणि कोणाला तरी पुन्हा माझ्यात उतरावं लागेल. गिरजाबाई म्हातारी होत चालली आहे. ती नसेल तेव्हा लिलाधर उतरेल.

त्याचं अंगही गरम असेल.

मी वाईट नाही. पण गाळ साचला की माझा मलाच भरवसा वाटत नाही. टोपल्या घेऊन या.